दोन फुटी टेबलावर कोणता मॉनिटर?

वाचकाचं पत्र

दादा, नमस्कार. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो. डिप्लोमा झाला, आता गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. पगारातून पैसे साठवून पीसी जुळवला: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० बारा जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. मॉनिटर मात्र अजून वडिलांच्या वर्कशॉपमधून आणलेला जुना, २२ इंची, फुल एचडी, ६० हर्ट्झ. मी रात्री आमच्या पाच जणांच्या टीमबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा खेळ खेळतो. धाकटा भाऊ रेड डेड रिडेम्प्शन २ आणि सायबरपंक खेळतो. रविवारी दोघं शेजारी बसून ईए एफसी, म्हणजे फुटबॉल. वडील उद्यमनगरातल्या वर्कशॉपची ड्रॉइंग याच पीसीवर ऑटोकॅडमध्ये उघडतात.

बजेट २२ हजार, ताणलं तर २५. तीन मॉनिटर काढलेत. २४ इंची फुल एचडी २४० हर्ट्झ, १७ हजार. २७ इंची क्यूएचडी १८० हर्ट्झ, २१ हजार. ३२ इंची फोर के ६० हर्ट्झ, २५ हजार. टीमवाले म्हणतात २४०च घे. भाऊ फोर केवर अडून बसलाय. वडील म्हणतात, घ्यायचाच तर मोठा घे. दुकानदार चौथंच सांगतो: २७ इंची फुल एचडी १६५ हर्ट्झ, १३ हजारांत. टेबल दोन फूट खोल आहे, भिंतीला लावलेलं. काय करू?

— शिवाजी पेठ

उत्तर

मित्रा,

२७ इंची क्यूएचडी १८० हर्ट्झवाला घे. पण कारणं नीट वाच, कारण तुला घरात दोघांना आणि टीममध्ये चौघांना पटवायचं आहे. शिवाय दुकानात गेल्यावर नेमकं तेच मॉडेल संपलेलं असेल, तर शेजारच्या खोक्याकडे बघून निर्णय तुलाच घ्यावा लागेल.

तू टेबलाचं माप कळवलंस हे फार बरं केलंस. मॉनिटर निवडताना लोक कार्डाचं नाव सांगतात, बजेट सांगतात, आणि स्क्रीन डोळ्यापासून किती लांब असणार हे कुणी मोजतच नाही. दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर. मॉनिटरचा स्टँड मागे पंधरा-वीस सेंटिमीटर जागा खातो, आणि तू टेबलाच्या कडेपासून थोडा मागे बसतोस. सगळा हिशेब करता डोळा ते स्क्रीन हे अंतर ५५ ते ६० सेंटिमीटर येतं. आकार आणि रिझोल्यूशन (स्क्रीनवर एकूण किती पिक्सेल, म्हणजे ठिपके) या दोन्ही गोष्टी या अंतरावर ठरतात.

२४ इंची स्क्रीन सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असते, २७ इंची ६०, आणि ३२ इंची ७०. साठ सेंटिमीटरवरून बघताना पहिली तुझ्या नजरेचा ४८ अंशांचा पट्टा व्यापते, दुसरी ५३ आणि तिसरी ६० अंशांचा. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, खेळताना तो मानेला कळतो. शाहू स्टेडियमवर गॅलरीत बसलं की दोन्ही गोलपोस्ट एका नजरेत येतात. खाली रेषेला चिकटून उभं राहिलं की एकीकडून दुसरीकडे बघायला मान वळवावी लागते. ३२ इंची स्क्रीन दोन फुटी टेबलावर ठेवलीस तर तू रेषेला चिकटून उभा आहेस. व्हॅलोरंटमध्ये मिनिमॅप, म्हणजे छोटा नकाशा, डावीकडे वर असतो, कोण पडलं त्याची यादी उजवीकडे वर. क्रॉसहेअरवरून, म्हणजे मधल्या निशाण्याच्या खुणेवरून, नजर न हलवता या दोन्ही कोपऱ्यांचा अंदाज यायला हवा. ३२ इंचीवर तो येत नाही. तीच स्क्रीन तीन फूट लांब ठेवता आली असती तर वडिलांची बाजू मी उचलून धरली असती. तुझ्या खोलीत ते जमत नाही.

आता दुकानदाराचा सल्ला, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे आणि म्हणून सगळ्यात मोहात पाडणारा आहे. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळपास २०.७ लाख पिक्सेल. स्क्रीन २२ इंची असो की २७ इंची, पिक्सेल तेवढेच. मोठ्या स्क्रीनवर ते फक्त ताणले जातात. तुझ्या आत्ताच्या २२ इंचीवर इंचाला शंभर पिक्सेल बसतात. २४ इंचीवर ९२. २७ इंचीवर उतरून ८२. म्हणजे १३ हजार मोजून तू वर्कशॉपच्या जुन्या मॉनिटरपेक्षा भरड चित्र घरी आणशील. त्या स्क्रीनवर एक पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा असतो, आणि निकोप डोळा साठ सेंटिमीटरवरून ०.१७ मिलिमीटरच्या आसपासचा बारकावा ओळखतो. अक्षरांच्या कडा खडबडीत दिसतील, तिरक्या रेषा जिन्यासारख्या दिसतील. भाऊ घोड्यावरून जाताना लांबच्या झाडांच्या फांद्या लुकलुकतील. आणि वडील ड्रॉइंगवरचे टॉलरन्सचे आकडे वाचायला पुन्हा पुन्हा झूम करतील. तीन-चार मीटरवर बसून टीव्हीसारखं बघायचं असेल तर हा मॉनिटर चालेल. टेबलावर नको.

२७ इंचीला क्यूएचडी हेच योग्य रिझोल्यूशन आहे. २५६० गुणिले १४४०, म्हणजे ३६.९ लाख पिक्सेल, फुल एचडीच्या पावणेदोन पटीहून थोडे जास्त. इंचाला १०९ पिक्सेल बसतात. तुझ्या घरासाठी यात आणखी एक सोय आहे. आत्ताच्या मॉनिटरवर इंचाला शंभर आणि नव्यावर १०९, म्हणजे अक्षरांचा आकार जवळपास आहे तेवढाच राहील. विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा आकार, वाढवावं लागणार नाही, वडिलांना चष्मा पुढे-मागे करावा लागणार नाही, आणि ऑटोकॅडमध्ये त्याच आकाराच्या रेषांसह ड्रॉइंगचा पाऊणपट जास्त भाग एका वेळी दिसेल. वडिलांना ‘मोठा’ म्हणजे हेच हवं असणार, असा माझा अंदाज आहे. त्यांना एकदा विचारून घे.

हर्ट्झबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या टीमवाल्यांचं म्हणणं खोटं नाही, फक्त अर्धं आहे.

रिफ्रेश रेट म्हणजे मॉनिटर सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा. खरा विचार दोन चित्रांमधल्या वेळेचा करायचा. ६० हर्ट्झला हा वेळ १६.७ मिलिसेकंद असतो. १४४ ला ६.९. १८० ला ५.६. २४० ला ४.२. आता वजाबाकी करून बघ. साठवरून १८० ला गेलास की दर चित्रामागे ११ मिलिसेकंद वाचतात. तिथून पुढे २४० ला गेलास की वाचतात फक्त १.४. खोक्यावर १८० ते २४० ही उडी साठने मोठी दिसते, डोळ्याला मात्र ती पहिल्या उडीच्या आठव्या हिश्श्याची आहे. तू आज साठवर आहेस. तुझं कार्ड व्हॅलोरंटमध्ये सेकंदाला दोनशेच्या वर फ्रेम, म्हणजे चित्रं, काढतं आणि मॉनिटर त्यातल्या बहुतेक दाखवतच नाही. कोपऱ्यावरून कुणी डोकावलं की तुला ते उशिरा आणि तुटक दिसतं. १८० वर गेल्यावर पहिल्याच रात्री माउस हातात वेगळा लागेल. २४० वर गेलास तरी तसाच वेगळा लागेल, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय त्यातला फरक सांगणं अवघड जाईल.

मोठ्या स्पर्धांमध्ये २४-२५ इंची फुल एचडी आणि २४० किंवा त्याहून जास्त हर्ट्झचे मॉनिटर वापरतात, हे खरं आहे. तिथे एकच खेळ असतो, खेळाडू स्क्रीनला नाक लावून बसतात, आणि शेवटच्या मिलिसेकंदासाठी चित्राचा देखणेपणा सोडायला तयार असतात. तू एकटा असतास, फक्त व्हॅलोरंट खेळत असतास, आणि टीम जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धांना जाणार असती, तर मी तुला २४ इंची २४० घ्यायला सांगितलं असतं आणि चार हजार वाचव म्हटलं असतं. टेबल दीड फुटीच असतं तरीही तेच सांगितलं असतं. पण तुझ्या घरात एक स्क्रीन तिघं वापरतात. भावाच्या खेळांत सायबरपंकच्या रस्त्यांवरच्या पाट्या, रेड डेडमधलं धुकं, डोंगर, घोड्याच्या आयाळीचे केस हेच तर बघायचं असतं. तिथे २४० हर्ट्झचा उपयोग शून्य, कारण तुझं कार्ड त्या खेळांत २४० च्या जवळपासही पोचत नाही.

इथे कार्डाचा मुद्दा येतो. प्रत्येक फ्रेममधला प्रत्येक पिक्सेल कार्डाला मोजून काढावा लागतो. फोर के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, ८२.९ लाख पिक्सेल: फुल एचडीच्या बरोबर चौपट, क्यूएचडीच्या सव्वादोन पट. ३०६० हे चांगलं कार्ड आहे, आणि बारा जीबी मेमरीमुळे ते अजून काही वर्षं टिकेल, पण सायबरपंक फोर केवर ओढणं त्याच्या ताकदीबाहेर आहे. क्यूएचडीवर मध्यम-उच्च सेटिंग ठेवून आणि डीएलएसएस ‘क्वालिटी’वर लावून हे दोन्ही खेळ साठच्या आसपास चांगले चालतात. डीएलएसएसमध्ये कार्ड आतून कमी पिक्सेल काढतं आणि उरलेलं चित्र अंदाजाने भरतं. क्यूएचडीला ‘क्वालिटी’वर ते आतून उभे ९६० पिक्सेल काढतं, आणि एवढ्या कच्च्या मालावर ते छान काम करतं. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी मोजणारी, कार्डाला जड जाणारी सोय) बंदच ठेव. रात्रीचं शहर त्याच्याशिवायही सुंदर दिसतं.

भावाला हेही सांग की तो म्हणतो तो फोर के मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. म्हणजे पंचवीस हजार घालून तू व्हॅलोरंटमध्ये आज आहेस तिथेच राहणार. रिझोल्यूशन कमी करून खेळलास तरी हर्ट्झ साठच. फोर के आणि १४४ हर्ट्झ दोन्ही हवं तर बजेट वाढवावं लागेल, आणि कार्डही. ज्या दिवशी तो स्वतः कमावून मोठं कार्ड घेईल, त्या दिवशी त्याने फोर के घ्यावा. मॉनिटर सहसा कार्डापेक्षा जास्त वर्षं टेबलावर राहतो, आणि क्यूएचडी १८० हर्ट्झ पुढच्या कार्डालाही पुरेल.

साठच्या आसपास फ्रेम येत असताना १८० हर्ट्झच्या मॉनिटरचा उपयोग काय, असा प्रश्न भाऊ विचारेल. उपयोग आहे. फ्रेम कधी ७०, कधी ५२ होतात. साध्या मॉनिटरवर तेव्हा चित्र मधून फाटल्यासारखं दिसतं किंवा अडखळतं. फ्रीसिंक किंवा जी-सिंक कम्पॅटिबल मॉनिटर कार्डाची फ्रेम तयार होईपर्यंत थांबतो आणि मग दाखवतो, त्यामुळे ५२ सुद्धा गुळगुळीत वाटतात. भावाच्या खेळांसाठी मला ही सोय हर्ट्झच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. मात्र ती चालू करायला मॉनिटर डिस्प्लेपोर्ट केबलने जोड, एचडीएमआयने नको. या किमतीच्या पुष्कळ मॉनिटरना एचडीएमआय २.० असतं, त्यावर क्यूएचडीला १४४ हर्ट्झपर्यंतच जाता येतं, आणि तुझ्यासारख्या एनव्हिडियाच्या कार्डांवर फ्रीसिंक मॉनिटरची ही सोय डिस्प्लेपोर्टवरूनच नीट मिळते. खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल आहे का, हे दुकानातच बघ.

पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, दोन प्रकारचं मिळेल: आयपीएस आणि व्हीए. आयपीएस घे. व्हीए पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो, दिवे बंद करून रेड डेड खेळणाऱ्याला ते आवडेल, पण स्वस्त व्हीएमध्ये अंधारातली हलणारी वस्तू मागे काळपट शेपूट सोडते. व्हॅलोरंटमध्ये सावलीतून कुणी निघालं की नेमका तिथेच घोटाळा होतो. आयपीएसचा दोष उलटा आहे: अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो आणि कोपऱ्यांत थोडी चमक जाणवते. मॉनिटरच्या मागे भिंतीवर मंद दिवा लाव, त्रास बराच कमी होतो. वक्र स्क्रीन अजिबात नको. वडील ड्रॉइंग बघणार आहेत आणि सरळ रेषा त्यांना सरळच दिसली पाहिजे.

खोक्यावर ‘१ एमएस’ (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, एक मिलिसेकंद) लिहिलेलं असेल, ‘एचडीआर ४००’ (उजेड-अंधाराचा मोठा फरक दाखवण्याची सोय) लिहिलेलं असेल. यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नकोस. ४०० म्हणजे फक्त कमाल उजेडाचा आकडा. आकाशात सूर्य तळपतोय आणि त्याच चित्रात सावली काळीभोर आहे, हे दाखवायला मागच्या दिव्यांचे वेगवेगळे भाग स्वतंत्र मंद-प्रखर व्हावे लागतात, ते या किमतीत सहसा नसतं. आणि १ एमएस बहुतेक वेळा मॉनिटरचं ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला रंग लवकर बदलायला लावणारी सेटिंग) शेवटच्या पायरीवर नेऊन मोजलेला असतो. तिथे हलणाऱ्या वस्तूभोवती पांढुरकी कड दिसू लागते. ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेव.

राहिला टेबलाचा प्रश्न. बजेटमधून हजारभर उरतात, थोडे ताणलेस तर मॉनिटर आर्म बसतो. स्टँड काढून स्क्रीन आर्मवर बसवली की ती भिंतीला टेकवता येते, अंतर दहा-पंधरा सेंटिमीटर वाढतं, कीबोर्ड तिरका ठेवायला जागा होते. रविवारी ईए एफसी खेळताना दोघं शेजारी बसलात की स्क्रीन थोडी वळवूनही घेता येते. भिंतीत बसवायचा आर्म घेऊ नकोस. पेठेतल्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती स्क्रू धरत नाहीत. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळायचा घे. फळी पातळ असेल तर क्लॅम्पखाली प्लायवूडचा जाड तुकडा घाल, तो तर वर्कशॉपमध्येच मिळेल. मॉनिटरच्या पाठीवर १०० गुणिले १०० मिलिमीटरची चार भोकं आहेत का, एवढं आधी बघ. सगळ्या मॉडेलना ती नसतात.

खरेदी शक्य असेल तर राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुकानातून कर, हजार-पाचशे जास्त गेले तरी. खोकं समोर उघडायला सांग. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच कोरे रंग पूर्ण स्क्रीनवर लावून मेलेला पिक्सेल आहे का बघ. दोन-चार मेलेले पिक्सेल कंपन्या दोष मानत नाहीत, त्यामुळे घरी नेल्यावर भांडून उपयोग होत नाही. दुकानात दुसरा पीस मागता येतो. वॉरंटी तीन वर्षांची आहे का आणि बिघडला तर माणूस घरी येतो की मॉनिटर पुण्याला पाठवावा लागतो, हे बिलावर सही करण्याआधी विचार. त्या दुकानदारावर रागावू नकोस. तू हर्ट्झ आणि इंच सांगितलेस, त्याने त्यात बसणारा स्वस्त दाखवला. रिझोल्यूशन आणि टेबलाचं माप सांगितलंस की तोही वेगळा दाखवेल.

घरी आणल्यावर सगळ्यात आधी सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन १८० निवड. विंडोज बऱ्याचदा आपोआप साठवरच ठेवतं, आणि कित्येक जण महागडा मॉनिटर महिनोन्‌महिने साठवर चालवतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक चालू कर. भावाच्या खेळांत फ्रेमची मर्यादा घालायची गरज नाही, कार्ड तिथे १८० ला पोचतच नाही. ईए एफसी या कार्डाला हलका आहे, तिथे १७५ ची मर्यादा घाल, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या पट्ट्यातच राहतील.

आणि टीमसाठी एक युक्ती. २७ इंची तुला व्हॅलोरंटमध्ये सुरुवातीला मोठा वाटला, तर खेळ १९२० गुणिले १०८० वर लाव आणि कंट्रोल पॅनेलमध्ये स्केलिंग ‘नो स्केलिंग’ ठेव. चित्र मधोमध वीस इंचांत बसेल, भोवती काळी चौकट राहील, आणि एक पिक्सेल एकाच पिक्सेलवर पडत असल्याने ते पुसटही होणार नाही. स्केलिंग चालू ठेवून फुल एचडी पूर्ण स्क्रीनभर ताणू नकोस, ते नक्की पुसट होतं. थोडे दिवस तसं खेळून मग पूर्ण स्क्रीनवर ये. माउसची सेन्सिटिव्हिटी मात्र बदलू नकोस. व्हॅलोरंटमध्ये ती रिझोल्यूशनवर किंवा हर्ट्झवर अवलंबून नसते. माउस जेवढा सरकवशील तेवढीच नजर वळेल, आधी वळत होती तेवढीच. निशाणा पहिले काही दिवस चुकला तर तो डोळ्याला नव्या आकाराची सवय नसल्यामुळे. अशा वेळी आकडे फिरवत बसलास तर जुनी सवयही मोडेल. मॅच सुरू करण्याआधी रोज दहा मिनिटं खेळातल्या सरावाच्या रेंजमध्ये घाल आणि टीमला तेवढं थांबायला सांग.